आईने पोटात घेतले

वाणिज्य शाखेच्या प्राध्यापकांशी आम्हा मराठीवाल्यांचे फारसे दळणवळण नसते. स्टाफरूममध्ये ते खिडकीकडच्या टेबलाशी बसतात, आम्ही दाराकडच्या. पण मध्यंतरी त्यांची एक प्रश्नपत्रिका मराठीत उतरवून देण्यासाठी मला खिडकीकडे बोलावणे आले आणि कंपन्यांचे गणगोत मला तेथे प्रथम नीट समजले. एका कंपनीच्या हाती दुसरीचे सगळे किंवा बहुतेक भाग असले की पहिली ती मातृकंपनी आणि दुसरी ती उपकंपनी. एकाच मातेच्या दोघी असल्या तर त्या भगिनी कंपन्या. मी सहज विचारले, "आणि यात वडील कोण?" ते गृहस्थ मान वर न करता म्हणाले, "वडील नसतात. भांडवल असतं."

हे गोत्रज्ञान पदरी पडल्यावर गेल्या दिवाळीतले एक वाक्य मला नव्याने उमगले. माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला होता. बी. ए. ला मराठी घेतलेला मुलगा. "मराठी घेऊन हा खाणार काय?" असे त्याचे वडील मलाच येऊन विचारून गेले होते. त्या प्रश्नाचे उत्तर मुलाने स्वतःच शोधले. तो पुण्याला व्हिडिओ गेम तयार करणाऱ्या एका स्टुडिओत गोष्टी आणि संवाद लिहितो. चकली मोडता मोडता तो म्हणाला, "मॅडम, आमच्या स्टुडिओला आईनं पोटात घेतलं."

आता, मराठीत आपण लेकराला पोटाशी धरतो, त्याचे अपराध पोटात घालतो, आणि पोटात घेतो ती औषधे. एकदा जन्माला आलेले लेकरू पुन्हा पोटात घेण्याची रीत ना आपल्या भाषेत आहे, ना निसर्गात. मी त्याला तसे म्हटले. तो हसला. "इंग्रजीत जो शब्द वापरतात ना मॅडम, त्याचा अर्थ शोषून घेणे असाच होतो. टिपकागद शाई घेतो तसं."

हा स्टुडिओ म्हणजे चाळीसेक पोरापोरींचा कारखाना होता. परदेशातल्या एका मोठ्या कंपनीने तीन वर्षांपूर्वीच त्याचे सगळे भाग घेतले होते. पण पाटी जुनी होती, साहेब जुने होते, आणि काय करायचे ते पुण्यातच ठरत होते. ठरले होते ते असे की, आमच्या दौलताबादच्या किल्ल्यावर एक खेळ करायचा. देवगिरीची ती अंधारी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. डोंगराच्या पोटातून वळणे घेत चढत जाणारा काळाकुट्ट भुयारी मार्ग, डोक्यावर वटवाघळांची फडफड, आणि सहलीतल्या निम्म्या मुलांची रडारड. खेळणाऱ्याने एक मशाल घेऊन त्या अंधारीत शिरायचे आणि वर बारादरीपर्यंत पोचायचे. त्या मुलाने माझ्याकडून गडकोटांच्या शब्दांची यादी नेली होती. खंदक, चर्या, जंग्या, चोरदिंडी, देवडी, अंबारखाना. मला मोठी गंमत वाटली होती. ज्या शब्दांना वर्गात जांभया मिळतात, ते शब्द पोरे मोबाइलवर बोटाने उघडणार होती.

अठरा महिने काम झाले. मग एके सोमवारी परदेशातून पत्र आले, की यापुढे तुम्ही निराळे नाही, तुम्ही आम्हीच. कुणालाही घरी बसवले नाही, हे आधी सांगते. पगारही थोडे वाढले म्हणे. गळ्यातल्या ओळखपत्राची पट्टी हिरव्याची जांभळी झाली. फक्त अंधारी बंद झाली. मातेच्या घरी एक मोठा खेळ शिजत होता, त्याला हात कमी पडत होते. जी मुलगी वटवाघळे काढीत होती ती आता सूचिपर्णी झाडांवरचा बर्फ काढते. आणि हा माझा विद्यार्थी त्या खेळातल्या दुकानात मांडलेल्या तलवारींची नावे दोनदा तर आली नाहीत ना, ते तपासतो. सातशे तलवारी आहेत.

"मग तो देवगिरीचा खेळ तुम्ही बाहेर नेऊन पुरा का करत नाही?" मी विचारले.

"नाही करता येत, मॅडम. तो कंपनीचा आहे. माझ्या वहीतलं पान न् पान कंपनीचं आहे. तुमची ती शब्दांची यादीसुद्धा."

म्हणजे आमची चोरदिंडी सातासमुद्रापलीकडे कुणाच्या तरी कपाटात कुलूपबंद आहे. देवगिरीच्या वास्तूने अनेक वेढे पाहिले, पण अशा रीतीने तिची दिंडी आजवर कुणी नेली नसेल.

त्या कंपनीचे नाव मी सांगत नाही. पोराची नोकरी तेथेच आहे. पण ज्यांची नावे जगजाहीर आहेत अशा घरांतही हेच घडलेले आहे. मुंबईत विशाल गोंडल नावाच्या तरुणाने १९९९ साली 'इंडियागेम्स' ही कंपनी काढली. साध्या मोबाइलवर क्रिकेट खेळत ज्यांनी लोकलचा प्रवास केला, त्यांतल्या पुष्कळांच्या हाती तिचेच खेळ असत. २००७ मध्ये ती 'यूटीव्ही'च्या घरात गेली, आणि पुढे चार-पाच वर्षांत यूटीव्ही आणि ती अशा दोघी मिळून 'डिस्ने'च्या घरात. आज ते नाव शोधायला जुने मोबाइलच उघडावे लागतील. पुण्याची कथा आणखी गमतीची. तेथे 'गेमलॉफ्ट' या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ होता, तो २००८ मध्ये 'यूबीसॉफ्ट' या दुसऱ्या फ्रेंच कंपनीने घेतला. दोन्ही कंपन्या गिमो नावाच्या एकाच घरातल्या भावांनी काढलेल्या. म्हणजे हे थोरल्याकडून धाकट्याकडे भांडी जावीत तसेच. तर २०२० च्या सप्टेंबरात जाहीर झाले, की इराणच्या राजपुत्राचा तो प्रसिद्ध खेळ, 'प्रिन्स ऑफ पर्शिया', त्यातला २००३ चा भाग नव्याने घडवण्याचे काम पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ करीत आहेत. मोठाच मान होता. नमुन्याची चित्रे पाहून जगभरच्या खेळाडूंनी नाके मुरडली, मुदती टळल्या, आणि २०२२ च्या मे महिन्यात ते काम कॅनडातल्या माँट्रियलला हलवले गेले. मूळचा खेळ तेथेच जन्मला होता. २०२६ च्या जानेवारीत कंपनीने तो खेळच सोडून दिला. पुण्याचे काम कमी प्रतीचे होते की मुदत अपुरी होती, याचा निवाडा मी करणारी कोण? मला एवढेच दिसते, की काम देण्याचा, काढण्याचा आणि शेवटी टाकून देण्याचा, तिन्ही निर्णय मुळा-मुठेच्या काठी झाले नाहीत.

वाचकहो, खेळाची गोष्ट मी एवढी लांबवली ती पोरांच्या करमणुकीसाठी नव्हे. त्या मुलाचे वाक्य ऐकताच माझ्या मनात दुसरीच एक पाटी उभी राहिली. मराठवाड्यात जो तीस-पस्तीस वर्षांहून मोठा आहे, त्याच्या घरच्या लोखंडी कपाटात तिचे एखादे पासबुक अजून निघेल. मी म्हणते ती स्टेट बँक ऑफ हैदराबाद. आमच्याकडे तिला 'हैदराबाद बँक' म्हणत. तिलाही आईने पोटात घेतले. दिवस होता १ एप्रिल २०१७.

या बँकेचा जन्म सावकारीतून झालेला नव्हता. निजामाच्या राज्यात नाणे निजामाचे चाले. चारमिनारचे चित्र असलेला तो हाली सिक्का. आणि इंग्रजी मुलखातला तो कलदार. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार असा भाव. मनमाडला उतरलेला औरंगाबादकर आणि औरंगाबादला उतरलेला नाशिककर, दोघेही आधी हा हिशेब करीत आणि दोघांनाही आपण फसलो असे वाटे. या हालीचा आणि संस्थानच्या सरकारी कर्जाचा कारभार पाहायला बँक हवी म्हणून १९४१ मध्ये कायदा झाला, आणि ५ एप्रिल १९४२ ला हैदराबादच्या गनफाउंड्री भागात 'हैदराबाद स्टेट बँक' उघडली. गनफाउंड्री म्हणजे तोफांचा कारखाना. जुन्या लोकांत रुपयाला तोफेचे बळ लागते असे म्हणत, ते येथे पत्त्यातच लिहिलेले होते.

पुढे १७ सप्टेंबर १९४८ आला. आमच्या शहरात 'विलीनीकरण' हा शब्द या दिवसामुळे नुसता कारकुनी राहिलेला नाही. सकाळी झेंडावंदनाला जाताना म्हणायचा तो शब्द आहे. संस्थान भारतात विलीन झाले. सिक्का हळूहळू गेला. बँक मात्र राहिली. मग १ नोव्हेंबर १९५६ ला भाषेप्रमाणे राज्ये झाली आणि हैदराबाद राज्याचे तीन तुकडे पडले. तेलंगण आंध्रात गेले, कानडी जिल्हे म्हैसूरकडे, आणि आमचे पाच मराठी जिल्हे मुंबई राज्यात. तारखा जरा पाहा. त्याच्या अवघे दहा दिवस आधी, २२ ऑक्टोबर १९५६ ला, ही बँक रिझर्व्ह बँकेच्या ओटीत घातली गेली आणि तिचे नाव 'स्टेट बँक ऑफ हैदराबाद' झाले. घर मोडण्यापूर्वी पोरीची सोय लावावी, तसेच ते झाले. आणखी तीन वर्षांनी, १९५९ च्या कायद्याने, तिला तिसरी आई मिळाली, ती भारतीय स्टेट बँक. त्या कायद्याखाली अशा आठ बँका आल्या. बिकानेर, जयपूर, इंदूर, म्हैसूर, पतियाळा, सौराष्ट्र, त्रावणकोर आणि आमची हैदराबाद. साऱ्या जुन्या संस्थानी मुलखातल्या. आई मात्र इंपीरियल बँकेची १९५५ साली झालेली स्टेट बँक, इंग्रजी थाटात वाढलेली. संस्थानी पोरी आणि साहेबी आई, असे ते कुटुंब होते.

तर हैदराबाद राज्य नकाशावरून गेले, आणि तरीही पुढे साठ वर्षे आदिलाबाद, बीदर आणि बीड एकाच बँकेच्या एकाच वहीत राहिले. मला या बँकेचे खरे नवल वाटते ते हे. विद्यापीठ आमचे १९५८ मध्ये निराळे झाले. तोवर आमची महाविद्यालये उस्मानियाला जोडलेली होती. न्यायासाठी मुंबई धरावी लागली आणि १९८१ मध्ये खंडपीठ येथे आले. बँकेच्या बदल्यांचे आदेश मात्र हैदराबादहूनच निघत, आणि त्या आदेशांवर वरंगळचा माणूस परभणीला, गुलबर्ग्याचा नांदेडला आणि लातूरचा निजामाबादला जाई.

मी चौथीत असताना आमच्या तालुक्याच्या गावी असेच एक मॅनेजर करीमनगरकडून आले. तेलुगू घरचे, उर्दू उत्तम, मराठी शून्य. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्यांच्याकडून पहिलीचे बालभारतीचे पुस्तक घेऊन ते संध्याकाळी आमच्या ओसरीवर मराठी शिकायला बसत. अक्षरे त्यांना आठ दिवसांत आली. लिंगाने मात्र त्यांना शेवटपर्यंत दाद दिली नाही. "पासबुक आला, सही झाला, म्हैस मेला" असेच ते बोलत आणि माझी आई आत तोंडाला पदर लावी. दिवाळीला ते आमच्याकडे फराळाला येत. संक्रांतीला त्यांच्या घरून 'सकिनालु' नावाचा पदार्थ येई. तांदळाच्या पिठात तीळ घालून हाताने वळलेली वेटोळी, कुरकुरीत. आईने तिचे नाव 'हैदराबादी चकली' ठेवले होते आणि बदल्यात ती गुळाच्या पोळ्या पाठवी.

आमच्या गल्लीत एक विधवा बाई होती. तिला म्हैस घ्यायची होती. तिच्या नावावर घर नव्हते, दिराशी वाद होता, कागद म्हणावा असा कागद नव्हता. मॅनेजरांनी माझ्या वडिलांना विचारले, दूधवाल्याला विचारले, समोरच्या शिंप्याला विचारले. मग एके दिवशी सकाळी चालत तिच्या गोठ्यात गेले. तेथे म्हैस नव्हतीच. पण दावे होते, गव्हाण सारवलेली होती, वैरण रचून ठेवलेली होती. ते पाहून आले आणि कर्ज दिले. दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, ती बाई पदराची गाठ सोडून बँकेत पैसे भरी. तिचा कागद कुठल्याही गावाला गेला नाही. जेथे गव्हाण होती तेथेच तो मंजूर झाला.

याच रीतीने दिलेली आणि बुडालेली कर्जेही पुष्कळ असतील, हे मी जाणून आहे. ओळख म्हणजे काही वेळा वशिला. शिंप्याने उद्या खोटेही सांगितले असते. आणि "आपली बँक, आपली बँक" असे आम्ही म्हणत असू, तरी तिचे मुख्य कार्यालय कधीही आमच्याकडे नव्हते. १९५६ नंतर तर ते परराज्यात होते. मराठवाड्यात जमलेल्या ठेवी किती आणि मराठवाड्यात दिलेली कर्जे किती, असा हिशेब मागणारी मंडळी येथेही होतीच. माहेरपणाचा उमाळा आणून हे विसरण्यात अर्थ नाही.

तेव्हा २०१७ मध्ये जे झाले त्याला आईची बाजू आहे, आणि ती कच्चीही नाही. एकाच गावात आईची एक शाखा आणि लेकीची एक. दोन व्यवस्थापक, दोन हिशेब, दोन तपासण्या, आणि गिऱ्हाईक तेच. सौराष्ट्रची लेक २००८ मध्येच आईकडे गेली होती, इंदूरची २०१० मध्ये. जयपूर आणि बिकानेर या दोघी आधीच एक झाल्या होत्या. उरलेल्या पाच जणी १ एप्रिल २०१७ ला एकदम गेल्या, आणि त्यांच्याबरोबर सहावी भारतीय महिला बँकही. ही शेवटची तर २०१३ च्या नोव्हेंबरात जन्मलेली, साडेतीन वर्षांचीही नाही; बायकांच्या नावाने काढलेल्या गोष्टी किती दिवस टिकतात याचा मला अनुभव असल्याने तिच्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. त्या दिवशी स्टेट बँक सुमारे चोवीस हजार शाखांची आणि सदतीस कोटी खातेदारांची झाली. जगातल्या पहिल्या पन्नास बँकांत आपले नाव लागले, असे वर्तमानपत्रांनी छापले.

शाखेवरची पाटी बदलायला फार खटपट पडली नाही. ते निळे वर्तुळ, मधोमध चावीच्या भोकासारखी खूण असलेले, आई आणि लेक दोघींचे एकच होते. 'हैदराबाद' एवढा शब्द तेवढा गेला. चेकबुके बदलली, त्यांची मुदत आधी सप्टेंबरअखेर होती ती डिसेंबरअखेर करावी लागली, कारण लोक जुनी चेकबुके सोडीनात. शाखांचा जो सांकेतिक क्रमांक असतो त्याच्या आरंभी 'एसबीएचवाय' अशी अक्षरे असत, ती जाऊन 'एसबीआयएन' आली. त्या 'एच'मध्ये हैदराबाद शेवटचे शिल्लक होते. निवृत्त झालेले एक हेडकॅशियर आमच्या कॉलनीत राहतात, त्यांना मी विचारले, "काका, त्या दिवशी काय वाटलं हो?" काका म्हणाले, "वाटायचं काय? पेन्शन त्याच तारखेला आली." मग थोडे थांबून म्हणाले, "फक्त सर्क्युलर वाचताना सही कुणाची आहे ते पाहायची सवय होती. नाव ओळखीचं असायचं. आता नाही."

काकांच्या या बोलण्यातच मला त्या मुलाच्या अंधारीची वाट सापडते. नाव गेल्याचे दुःख मी फार मोठे मानीत नाही. नावे बदलण्याचा आमच्या शहराला जितका सराव आहे तितका क्वचित कुणाला असेल; खडकी झाले, फतेहनगर झाले, औरंगाबाद झाले, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर आहे, आणि या सगळ्या काळात खाम नदी तशीच वाहत, खरे म्हणजे तशीच तुंबत आली आहे. जमा-खर्चही विलीनीकरणात चोख लिहिला जातो. इमारती, ठेवी, येणी, देणी, खुर्च्यासुद्धा. लिहिल्या जात नाहीत त्या दोनच गोष्टी. अर्धवट राहिलेले काम, आणि जागच्या जागी 'हो' म्हणण्याची एखाद्या माणसाची मुखत्यारी. कुठल्याच ताळेबंदात त्यांना रकाना नसतो. पुण्याच्या स्टुडिओत देवगिरीला 'हो' म्हणणारा माणूस अजून त्याच खुर्चीवर आहे, पगारही खातो आहे. त्याला आता 'हो' म्हणता येत नाही, एवढेच.

खरे सांगायचे तर करीमनगरच्या त्या मॅनेजरांची मुखत्यारी २०१७ च्या आधीच निम्मी-शिम्मी सरली असावी. संगणक आले, सगळ्या शाखा एका तारेला जोडल्या गेल्या, आणि मोठ्या बँकांत कर्जाचे कागद शहरातल्या मध्यवर्ती कक्षाकडे जाऊ लागले. तेथे बसलेल्या मुलाला गव्हाण दिसत नाही. त्याला उत्पन्नाचा दाखला दिसतो आणि मागच्या कर्जफेडीचे गुण दिसतात. तो मुलगा वाईट नसतो. त्याला शिंपी माहीत नसतो. विलीनीकरण हे पुष्कळदा असे पाटी बदलण्याच्या आधीच होऊन गेलेले असते. पाटीवाला येतो तो बाराव्याला.

जुन्या हैदराबादचे आता आमच्याकडे काय उरले? रेल्वे उरली आहे. आमचे स्टेशन नांदेड विभागात आणि नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेत, तिचे मुख्यालय सिकंदराबाद. मुंबईला जाणारी गाडी वाढवून मागायची तर अर्ज तिकडे. ही दोरी तोडून आम्हाला मुंबईच्या मध्य रेल्वेला जोडा, अशी मागणी येथे वर्षानुवर्षे चालू आहे. म्हणजे पाहा, बँक हैदराबादहून सुटली तेव्हा आम्ही हळहळलो, आणि रेल्वे सुटत नाही म्हणून चिडतो. माणसाचे मन काही ताळेबंदाने चालत नाही.

आता एक ताजी गोष्ट. १ मे २०२५ ला, 'एक राज्य, एक ग्रामीण बँक' या धोरणाप्रमाणे, विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्या. नाव राहिले महाराष्ट्र ग्रामीण बँक आणि मुख्यालय ठरले छत्रपती संभाजीनगर. विदर्भ कोकणचे मुख्यालय नागपूरला होते. म्हणजे या खेपेला पोटात घेणारे आम्ही आहोत. आमच्या शहरात ही बातमी फार आनंदाने वाचली गेली. मीही दोन माणसांना फोन करून सांगितली. मुख्यालय आपल्या गावात आले की कर्मचारी येतात, घरे भाड्याने जातात, आणि मुख्य म्हणजे कुणीतरी आपल्याकडे अर्ज करते. इतकी वर्षे मुंबई, हैदराबाद, सिकंदराबाद इकडे अर्ज करीत आलेल्या शहराला याचे अप्रूप वाटणारच.

नागपुरातही एखादे निवृत्त हेडकॅशियर काका असतील, आणि सर्क्युलरखालची सही अनोळखी पाहून चष्मा पुसत असतील. आणि कोकणात, सिंधुदुर्गात कुठेतरी, काजूच्या कलमांसाठी कर्ज मागणारी एक बाई असेल. शाखेपुरते काम शाखेतच होत असेल, अशी आशा करू. पण त्यावरचे जे नियम येथे बसून ठरतील, किती वर्षे सवलत द्यायची, हप्ता कोणत्या महिन्यात घ्यायचा, ते ठरवणाऱ्या आमच्या माणसाने आयुष्यभर कापूस, मोसंबी आणि दुष्काळ पाहिलेला. काजूचा मोहोर कधी येतो आणि कोणत्या धुक्याने गळतो, हे त्याला कोण सांगणार? आमच्या तालुक्यात ते शिंप्याला विचारून भागले असते. मी म्हणते, पौष-माघात त्या साहेबांना एकदा सावंतवाडीकडे पाठवून, कुणाच्या तरी ओसरीवर दोन दिवस बसवून आणावे. भाड्याची अडचण असेल तर स्टाफरूममध्ये वर्गणी काढू. खिडकीकडच्या टेबलावरून मी आधी घेईन. भांडवल तिकडे असते.